दोन वर्षे इथे, दोन वर्षे तिथे

आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जून-जुलैमध्ये एका खिडकीसमोरची रांग हलता हलत नाही. टी.सी., मायग्रेशन, बोनाफाईड, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती असे कागद गोळा करीत मुले उभी असतात. कोणी कोल्हापूरला जाणार असतो, कोणी पुण्याला, कोणी गोव्याला, कोणी धारवाडला. पदवी हातात घेऊन जाणाऱ्यांची गाडी थोडीफार खडखडत का होईना, पण पोहोचते. ज्यांना पदवी पुरी होण्याआधीच दुसऱ्या विद्यापीठात जावे लागते, त्यांचे हाल मात्र कुत्रा खात नाही. वडिलांची बदली, घरातले आजारपण, मुलीचे लग्न किंवा नुसती चांगल्या विभागात शिकण्याची इच्छा, कारण कोणतेही असो. मधल्या वर्षी महाविद्यालय बदलणे हा आपल्याकडे जवळजवळ गुन्हाच मानला जातो. ज्या मुलाने तो केला त्याचे एखादे वर्ष जायचेच, हे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. मला ते मुळीच मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगण्यासाठी थोडे दूरवरचे उदाहरण घ्यावे लागणार आहे.

माझे थोरले बंधू पुष्कळ वर्षांपासून कॅलिफोर्नियात, सान होजे शहराजवळ राहतात. २०१९च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे तीन महिने राहून आलो. त्यांच्या मुलाने नुकतेच शाळेचे शिक्षण संपविले होते आणि घरापासून पंधरा मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले होते. इकडून नातेवाइकांचे फोन आले की वहिनी विषय बदलीत. "विद्यापीठात नाही का मिळालं?" हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असे. आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर अमेरिका म्हणजे बर्कली नाहीतर स्टॅनफर्ड. घराशेजारच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात मुलगा घातला म्हणजे काहीतरी बिनसले असणार! पुतण्या मात्र निवांत होता. "काका, दोन वर्षं इथं, दोन वर्षं तिथं. पदवीवर नाव तिथलंच असतं," असे तो म्हणाला. हे 'दोन इथे, दोन तिथे' प्रकरण काय आहे ते समजून घेण्याचा नाद मला तेव्हापासून लागला.

दोन वर्षांच्या महाविद्यालयाची कल्पना तशी जुनी आहे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१मध्ये शाळेलाच जोडून असे एक महाविद्यालय निघाले. आरंभी विद्यार्थी होते अवघे सहा. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा त्यामागे हात होता. पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण बाहेर व्हावे आणि विद्यापीठाने वरच्या वर्गांकडे व संशोधनाकडे लक्ष द्यावे, असे त्यांचे मत होते. म्हणजे या कल्पनेच्या जन्मापासूनच तिच्यात विद्यापीठाची सोयही होती. निव्वळ दयाबुद्धी नव्हती. कॅलिफोर्नियाने १९०७मध्ये कायदा करून शाळांना असे वर्ग चालविण्याची परवानगी दिली आणि १९१०मध्ये फ्रेस्नो येथे पहिले वर्ग सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७च्या अहवालात देशभर अशी महाविद्यालये पसरावीत असे सुचविले आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले.

पण महाविद्यालये काढणे निराळे आणि तेथून पुढे जायचा रस्ता बांधणे निराळे. हा रस्ता खऱ्या अर्थाने आखला तो कॅलिफोर्नियाच्या १९६०च्या 'मास्टर प्लॅन'ने. त्या वेळी क्लार्क केर हे तेथील विद्यापीठाचे अध्यक्ष होते. योजना तीन थरांची होती. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरच्या आठव्या हिश्शाने कॅलिफोर्निया विद्यापीठात जावे, वरच्या तिसऱ्या हिश्शाने राज्य महाविद्यालयांत, आणि उरलेल्या कोणालाही कम्युनिटी कॉलेजचे दार उघडे असावे. एवढेच वाचले तर ही सरळसरळ उतरंड वाटते. वरचे वर, खालचे खाली. योजनेतले खरे शहाणपण पुढच्या एका कलमात आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. विद्यापीठातील पदवीच्या विद्यार्थ्यांमध्ये वरच्या दोन वर्षांचे साठ आणि खालच्या दोन वर्षांचे चाळीस असे प्रमाण राखावे, असे त्यात म्हटले होते. याचा अर्थ काय? विद्यापीठाने पहिल्या वर्षाला मुद्दामच कमी मुले घ्यावयाची आणि तिसऱ्या वर्षाला बाहेरून येणाऱ्यांसाठी बाके रिकामी ठेवावयाची! पंगतीला उशिरा येणाऱ्यासाठी पान आधीच मांडून ठेवण्यासारखे हे आहे. आलेल्याला 'आता जागा बघतो हं' असे म्हणून ताटकळत ठेवणे निराळे आणि त्याचे पान मांडलेले असणे निराळे. आजही त्या विद्यापीठात नव्याने दाखल होणाऱ्या तीन पदवी-विद्यार्थ्यांमागे साधारण एक असा मधूनच आलेला असतो, आणि त्यांच्यातले दहापैकी नऊजण त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतून येतात.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमांच्या जुळणीची. पुतण्याने मला संगणकावर एक तक्ता दाखविला. एका बाजूला त्याच्या महाविद्यालयातील विषय, समोर विद्यापीठातील विषय. गणिताचा हा अभ्यासक्रम म्हणजे तिथला तो. पदार्थविज्ञानाचे हे तीन भाग मिळून तिथले ते दोन. आणि एका ओळीत स्पष्ट लिहिलेले की याला समान विषय नाही. 'असिस्ट' नावाची ही सार्वजनिक सोय आहे. कोणीही, अगदी बेळगावात बसूनही, ती पाहू शकतो. पदवीला १२० सेमिस्टर-युनिटे लागतात. त्यांतील ६० आधीच्या महाविद्यालयातून घेऊन जाता येतात. पुतण्याचे महाविद्यालय वर्षाचे तीन तुकडे करणाऱ्या 'क्वार्टर' पद्धतीचे, त्यामुळे त्याच्या हिशेबात ६०च्या जागी ९० आकडा होता. पण हा हिशेब करण्यासाठी त्याला कोणा कारकुनाची मनधरणी करावी लागली नाही. महाविद्यालयात नाव घालतानाच त्याला कळले होते की दोन वर्षांनंतर कोणता विषय चालेल आणि कोणता चालणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा शाखा तर ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो या तीन शाखा ती देत नाहीत. मोठ्या घराचा ताठा तिकडेही आहेच.

खर्चाचेही सांगून टाकतो. त्या राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात २०१२पासून एका सेमिस्टर-युनिटला ४६ डॉलर पडतात. ६० युनिटांचे २७६० डॉलर झाले. विद्यापीठात एका वर्षाचे शिक्षणशुल्कच दहा हजारांच्या पुष्कळ वर जाते. मुलगा दोन वर्षे घरी जेवतो तो हिशेब वेगळा. बंधू पगारदार माणूस. त्यांनी हा हिशेब वहिनींच्या कितीतरी आधी केला होता.

या वाटेने जाऊन माणूस कुठवर पोहोचतो, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी आयलीन कॉलिन्स यांचे नाव लक्षात ठेवावे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग येथील कम्युनिटी कॉलेजातून त्या सिराक्यूज विद्यापीठात गेल्या, आणि १९९९मध्ये अमेरिकी अवकाशयानाचे नेतृत्व करणारी पहिली स्त्री ठरल्या.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी अमेरिकेचे गोडवे गायला बसलो आहे. तसे नाही. त्या रस्त्यावर खड्डेही भरपूर आहेत, आणि ते आपल्या दृष्टीने रस्त्याहूनही अधिक शिकविणारे आहेत.

कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के सांगतात की आपल्याला पुढे पदवी घ्यायची आहे. प्रत्यक्षात २०१६मध्ये दाखल झालेल्यांचा मागोवा घेतला तेव्हा सहा वर्षांत जेमतेम तिसरा हिस्सा चार वर्षांच्या संस्थेत जाऊ शकला आणि पदवीपर्यंत पोहोचले ते शंभरातले सोळा. बाकीचे कुठे गेले? काही नोकरीला लागले, काही संसाराला. पण काही वाटेतच गळाले, कारण त्यांनी शिकलेले पुढच्याने मानले नाही. तेथील सरकारी लेखापरीक्षण खात्याच्या २०१७च्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या श्रेयांकांपैकी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक गमावले. या आकड्यात सर्व प्रकारच्या संस्था आल्या, खासगीसुद्धा. तरीही तो वाचून मी थक्क झालो. शंभर दिवस शिकावे आणि त्रेचाळीस दिवस पाण्यात जावेत, असा हा प्रकार झाला. ज्या देशाकडे इतकी यंत्रणा, इतके तक्ते, त्याची ही कथा!

बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तर १९६०मध्येच, म्हणजे मास्टर प्लॅनच्याच वर्षी, एक बोचरा निबंध लिहून ठेवला होता. त्याचे म्हणणे असे की ही महाविद्यालये मोठ्या आशेने आलेल्या मुलाला एकदम 'नाही' म्हणत नाहीत; चाचण्या, सल्लामसलत, गोड बोलणे यांच्या साहाय्याने हळूहळू त्याची उमेद थंड करतात, आणि शेवटी तो स्वतःच म्हणू लागतो की विद्यापीठ काही आपल्यासाठी नाही. यासाठी त्याने जो शब्दप्रयोग वापरला तो मूळचा भामट्यांच्या धंद्यातला. फसविलेल्या गिऱ्हाइकाने आरडाओरडा करू नये म्हणून टोळीतला एकजण मागे थांबून त्याची समजूत घालतो, तशी ही समजूत. क्लार्कचे सगळे म्हणणे मला पटत नाही, कारण त्याच दारातून लक्षावधी मुले पुढेही गेली आहेत. पण आपल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलाला "बी.ए. पुरे झालं रे, आता कुठंतरी चिकट" असे आपुलकीने सांगणारे मास्तर आणि मामा पाहिले की क्लार्क आठवतोच.

त्या लोकांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. असे आकडे पुढे आले म्हणजे ते विद्यार्थ्याला दोष देऊन थांबत नाहीत. फ्लॉरिडा राज्याने १९७१मध्येच महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्यात राज्यव्यापी करार केला. कॅलिफोर्नियात २०१०च्या कायद्याने ठरावीक ६० युनिटांची 'हस्तांतराची पदवी' निघाली. ती घेणाऱ्याला राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जागा मिळते आणि पुढे आणखी ६० युनिटांतच त्याची पदवी पुरी व्हावी असे बंधन विद्यापीठावर येते. २०२१मध्ये आणखी एक कायदा झाला, तो म्हणजे राज्यातल्या शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजांनी समान विषयांना समान क्रमांक द्यावेत असा. कायदा करावा लागला तो एवढ्याशा गोष्टीसाठी! शिक्षणातले मोठमोठे अडथळे असेच एवढ्याएवढ्याशा गोष्टींचे असतात.

विद्यापीठांतील प्राध्यापकांचा आक्षेप मी जाणतो. मीही याच व्यवसायातला आहे. बाहेरून आलेल्याची तयारी कच्ची असेल तर वर्गाचा दर्जा कसा राखावयाचा? हा आक्षेप खोटा नाही. नव्या ठिकाणी पहिल्या सत्रात अशा मुलांचे गुण खाली येतात, हे अमेरिकेत १९६०च्या दशकातच नोंदले गेले आहे आणि त्याला 'हस्तांतराचा धक्का' असे नावही मिळाले आहे. मात्र पुढच्या सत्रांत बहुतेकजण सावरतात हेही त्याच अभ्यासांत नोंदलेले आहे, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात पदवी पुरी करण्यात मधूनच आलेली मुले आरंभापासूनच्या मुलांच्या साधारण बरोबरीनेच उतरतात. दर्जा राखण्यासाठी परीक्षा आहे. आधीच्या परीक्षा रद्दबातल करणे हा दर्जा राखण्याचा मार्ग नव्हे.

आता आपल्याकडे वळू. गंमत अशी की बेळगावात महाविद्यालयेच्या महाविद्यालये जागचे न हलता विद्यापीठ बदलून बसली आहेत. १९३३मध्ये निघालेले लिंगराज महाविद्यालय काय किंवा १९४५मधले राणी पार्वतीदेवी काय, आरंभी मुंबई विद्यापीठाची होती. मग १९४९मध्ये कर्नाटक विद्यापीठ निघाले आणि ती धारवाडकडे गेली. २०१०मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि बेळगाव जिल्हा तिकडे आला. एवढ्या स्थित्यंतरांत 'तुमचे आधीचे शिक्षण आम्ही धरत नाही' असे कोणी महाविद्यालयाला म्हणाले नाही. संस्थेसाठी सगळी जुळणी होते. ती अडते फक्त एकट्या मुलासाठी.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी दुसरे वर्ष संपवून लग्नानंतर शेजारच्या राज्यात गेली. सासरची माणसे चांगली. शिक्षण पुरे कर म्हणाली. तिकडच्या एका विद्यापीठाने (नाव मुद्दाम देत नाही) तिच्या गुणपत्रिका पाहून सांगितले की तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. कारणे दोन. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर तिकडे दुसऱ्या वर्षाला होता. तिने तो आपल्याकडे पहिल्याच वर्षी दिलेला, म्हणून 'दुसऱ्या वर्षाचा पर्यावरणाचा पेपर दिलेला नाही'! आणि भाषाविषय म्हणून तिने कन्नड घेतले होते, त्याला तिकडे समान विषय नव्हता. घरी मराठी बोलणारी, गावच्या मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी मैत्रिणींच्या मदतीने कन्नड लिहावयास शिकली होती आणि वर्गातल्या कन्नड मुलींच्या बरोबरीने गुण मिळवून बसली होती. ते गुण सीमा ओलांडताच शून्य झाले. तिने चार खेपा घातल्या, मी तीन पत्रे लिहिली. प्रत्येक टेबलावरचा माणूस सौजन्यानेच बोलला; निर्णय घेण्याचा अधिकार मात्र दर वेळी पुढच्या टेबलावर होता. पाचव्या खेपेला तिच्या कडेवर मूल होते. पदवी राहिली ती राहिलीच.

हा अनुभव सांगितला की हल्ली लोक 'अकॅडेमिक बँक'चा हवाला देतात. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०२१मध्ये ही श्रेयांकांची पेढी काढली. विद्यार्थ्याचे श्रेयांक तिथे जमा व्हावेत, ते कमाल सात वर्षे टिकावेत, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निदान अर्धे श्रेयांक मिळविले असले म्हणजे उरलेले बाहेरचे चालावेत, अशी तिची कल्पना आहे. कल्पना उत्तम. पण पेढीत रक्कम जमा असणे एक आणि ते नाणे दुकानदाराने घेणे दुसरे. कोणत्या विषयाच्या जागी कोणता विषय धरावयाचा हे ज्याच्या त्याच्या अभ्यासमंडळाच्या हातात राहिले तर खात्यावरचा आकडा पाहून समाधान मानण्यापलीकडे मुलाने काय करावे? त्यातच आपला हा सीमाभाग. कर्नाटकाने २०२१-२२मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आणली आणि २०२४मध्ये पुन्हा तीन वर्षांची केली. त्याच सुमारास महाराष्ट्र चार वर्षांच्या रचनेकडे निघाला. चंदगडचा मुलगा बेळगावात शिकतो, खानापूरची मुलगी कोल्हापुरात नांदते, आणि दोन्ही राज्यांची वर्षे, सत्रे, पेपर उलट्या दिशांना चाललेले. कोणाची रचना बरी या वादात मला पडावयाचे नाही. दोन्ही बऱ्या असतील. त्यांच्यामध्ये साकव कोणी घालावयाचा, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि आजवर तो एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी फायली काखोटीला मारून घालावयाचा असे आपण ठरवून टाकले आहे.

दोन राज्यांनी करार करावा असे मी लिहीन तर ते छापून येईल आणि तिथेच राहील. म्हणून जे या आवारात होण्यासारखे आहे तेवढेच सुचवितो. आपल्याकडचे विषय आणि आपली मुले जिथे जातात त्या चार-पाच विद्यापीठांचे विषय यांचा तक्ता आपणच तयार करावा. प्रत्येक विभागाने आपापल्या विषयापुरती एक उन्हाळी सुट्टी दिली तर तो होतो. कोणता पेपर तिथे कोणत्या वर्षाला आहे, कशाला समान विषय नाही, कोणता जास्तीचा पेपर आधीच देऊन ठेवलेला बरा, हे मुलाला पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या दिवशी कळावे. तो तक्ता प्राचार्यांच्या सहीने त्या त्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे पाठवावा आणि हो-नाहीचे लेखी उत्तर मागावे. 'नाही' असे उत्तर आले तरी चालेल. मुलगा निदान दोन वर्षे आधी सावध होईल.

कन्नड विभागातील सहकाऱ्यांशी मी याविषयी बोललो तेव्हा त्यांनी मला दुसरी बाजू दाखविली. जत, अक्कलकोट, गडहिंग्लज या भागांतून कन्नड मुले इकडे येतात, त्यांचीही हीच रडकथा. फक्त दिशा उलटी. तेव्हा तक्ता दोन्ही भाषांत निघावा असे ठरले आहे. इतिहास आणि अर्थशास्त्र या विषयांचे काम सुरू झाले आहे. मधल्या वर्षी महाविद्यालय बदललेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपले कोणते पेपर धरले गेले आणि कोणते नाही, ते एका कागदावर लिहून गुणपत्रिकेच्या प्रतीसह ग्रंथालयात आणून द्यावे. मराठीतले कागद मी घेईन, कन्नडमधले शेजारच्याच टेबलावर.